तोकडीचं वर्ष

माझी नोकरी गवताचे फोटो बघण्याची आहे. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी चेष्टा करतेय. पण आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत, मी पाच वर्षं हेच करतेय. दूरच्या एका उंच पठारावर आमचे बावीस कॅमेरे लोखंडी खांबांना बांधलेले आहेत. समोर काही हललं की ते आपोआप फोटो काढतात. वाऱ्याने गवत हललं तरी काढतात. त्यामुळे हजारातले नऊशे नव्वद फोटो नुसत्या गवताचे, आणि उरलेल्या दहांत कुणाचा कान, कुणाची तंगडी. ती तंगडी कुणाची हे ओळखायचं आणि नोंदवायचं. सासूबाई शेजारणीला सांगतात, "आमची सून मोठी हुशार हो. तिला गवताकडे बघायचा पगार मिळतो."

नजर मात्र माझी तेज आहे, हे सांगायला मी लाजत नाही. पाठीवरच्या ठिपक्यांवरून मी एकेक हिमबिबट्या वेगळा ओळखते. त्यांतली माझी लाडकी म्हणजे तोकडी. हिमबिबट्याची शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब असते. या मादीची निम्मीच होती. कशाने गेली, तिचं तिलाच माहीत. चार वर्षं ती सतरा नंबरच्या कॅमेऱ्यापुढून महिन्यातून दोन-तीनदा तरी जायची. मग एकाएकी यायचीच बंद झाली.

आमचा नियम असा, की वर्षभर फोटो आला नाही तर जनावराचं नाव यादीतून काढायचं. तोकडीला अकरा महिने होऊन वर तीन आठवडे झाले होते. त्या खोऱ्यात दुसरा बिबट्या नोंदलेला नाही, म्हणजे तिचं नाव गेलं की सतरा नंबरचा कॅमेराही उचलून दुसरीकडे नेणार. पुढे ती असली काय अन् नसली काय, तिच्याकडे बघणारं कुणी उरणार नव्हतं.

मला ते सहन होईना. आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "तोकडी मेलेली नाही."

"पुरावा?"

"पुरावा नाही. पण मला वाटतं."

"वाटण्याचा रकाना आपल्या फॉर्ममध्ये नाही."

यावर माझा आवाज चढला. काय काय बोलले ते आठवतही नाही. बाईंनी शांतपणे चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढी खात्री आहे ना? मग स्वतः जा. शुक्रवारी वर्ष भरतंय. तोपर्यंत काही सापडलं तर ठीक. नाहीतर येताना कॅमेरा काढून घेऊन ये."

भांडायला गेले होते आणि पठार घेऊन बाहेर आले! जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. घरी नवऱ्याने ऐकून हात जोडले. "भाजी घेऊन दोन मजले चढलीस की धापा टाकतेस, आणि आता चार हजार मीटरवर जाणार?" मी त्याचेच सगळ्यात जाड मोजे माझ्या पिशवीत भरले.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर जीपच्या थांब्यावर उतरले, तेव्हा तिथे तीन माणसं उभी होती आणि मी त्या तिघांच्या गुडघ्यांकडे टक लावून बघत होते. त्याला कारण होतं. आमच्या कॅमेऱ्यांची कार्डं बदलणारे जे रखवालदार आहेत, ते कार्ड बदललं की कॅमेरा चालतोय ना हे बघायला त्याच्यापुढून एकदा चालून जातात. कॅमेरा बिबट्याच्या उंचीचा, म्हणजे आपल्या गुडघ्याएवढा. त्यामुळे पाच वर्षांत मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण डाव्या गुडघ्यावरचं हिरवं ठिगळ मला अंधारातही ओळखू आलं असतं. ऑफिसात त्यांचं नावच गुडघेदादा. आणि इथे एकाच्याही गुडघ्याला ठिगळ नाही!

"ताई, ऑफिसातून ना?" त्यांतला एक पुढे आला. पांढऱ्या मिशा, आणि घडीसुद्धा न मोडलेली कोरी पँट. "पाहुण्या येणार म्हणून बायकोने नवी घालायला लावली."

"अहो दादा, मग मी तुम्हाला ओळखायचं कशावरून?" मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही, पण ते मनापासून हसले.

आणि मग पठार. खरं सांगते, पहिला अर्धा तास मी जीपमध्ये नुसती "अहो थांबा, थांबा!" एवढंच ओरडत होते. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पिवळं गवत, त्याच्या कडेला बर्फाचे डोंगर, आणि आभाळ इतकं निळं की डोळे दुखायला लागले. डोकंही ठणकत होतं, ओठ फुटले होते, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती! रानगाढवांचा एक कळप जीपच्या बरोबरीने धावायला लागला. पंचवीस-तीस तरी होती. मी त्यांना पाच वर्षं बघत होते, पण एकेक पाय, एकेक पोट, आणि सर्वांत जास्त वेळा एकेक पार्श्वभाग, कारण आमचे खांब त्यांना अंग खाजवायला फार आवडतात. अख्खं गाढव मी आज बघत होते. केवढं थोरलं! पडद्यावर कोल्हा आणि गाढव एकाच मापाचे दिसतात. खुरांचा आवाज जमिनीतून जीपमध्ये आणि जीपमधून माझ्या दातांत येत होता. पुढच्याने एकदम वळण घेतलं, आमच्या नाकासमोरून रस्ता ओलांडला, आणि मागची सगळी त्याच्या पाठोपाठ. मी टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षांच्या बाईने वाजवाव्यात तशा नाही, चांगल्या जोरात.

पुढे मार्मोट दिसले. हे खारीच्या कुळातले, मांजराहून थोराड आणि गुबगुबीत. बिळापाशी मागच्या पायांवर उभे राहतात. एकाने तोंड उघडलं आणि अशी कर्कश शिट्टी मारली की मी दचकले.

"हे काय?"

"लांडगा-बिंडगा दिसला की शिट्टी मारून बाकीच्यांना बिळात पाठवतात," दादा म्हणाले.

तोंड उघडं टाकून उभ्या असलेल्या मार्मोटांचे दोनशे तरी फोटो माझ्या हातून गेले होते. फोटोला आवाज नसतो. मी त्या प्रत्येकापुढे लिहिलं होतं: "जांभई देत आहे." दादांना हे सांगितल्यावर त्यांना जीप थांबवावी लागली, इतके हसले ते.

गुरुवारी सकाळी खालच्या दगडी खोपीतून आम्ही सतरा नंबरकडे निघालो. तास-दीड तासाची चढण, दर वीस पावलांना मी बसत होते. वर पोचल्यावर दादांनी खांब दाखवला, आणि माझा चेहरा पडला. ही जागा माझ्या ओळखीचीच नव्हती! दगड, गवत, एक उंच कडा. कुठल्याही खोऱ्यात असेल असंच सगळं. पाच वर्षं रोज बघितलेली जागा ओळखू येईना, तर माझ्या नजरेचा एवढा तोरा काय कामाचा?

मग लक्षात आलं. मी उभी होते. ही जागा मी उभ्याने कधी पाहिलीच नव्हती.

मी सरळ खांबाशेजारी पालथी पडले, कोपरांवर उठले, हनुवटी वर केली. आणि काय सांगू! दुभंगलेला काळा दगड, त्याच्या डाव्या बाजूला मांडीएवढी शिळा, आणि दोन्हींच्या मधून कड्याच्या पायथ्याने येणारी चिंचोळी वाट. तोकडीची वाट! माझं घर सापडल्यासारखं झालं मला. "दादा, ती इथून यायची! बरोब्बर या दगडामागून, आणि इथे थांबून वास घ्यायची!"

दादा मागे उभे होते. "ताई," ते जरा चाचरत म्हणाले, "तुम्ही बघताय तिकडे, पण कॅमेऱ्याचं तोंड तर तिकडे आहे."

मी उठून बसले. खरंच, कॅमेरा वाटेकडे बघतच नव्हता. त्याचं तोंड उजवीकडच्या उघड्या उतारावर होतं. मी पुन्हा पालथी पडून त्या दिशेने पाहिलं. तेही दृश्य माझ्या पक्क्या ओळखीचं! गेल्या काही महिन्यांचे सगळे फोटो त्याच उताराचे होते.

"हे कुणी फिरवलं? दादा, तुम्ही दर महिन्याला येता, तुम्हाला दिसलं नाही?" मी कडाडले.

"मी त्याचं कार्ड बदलतो, ताई. तो जिकडे बघतो तिकडून चालून जातो. त्याला काय दिसतं ते मला कुठे दिसतं? ते तर तुम्ही बघता."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच माझ्या. खांबावर तपकिरी केसांचे पुंजके चिकटले होते. रानगाढवं रोज येऊन अंग खाजवत होती आणि खांब रोज केसभर फिरत होता. मी महिन्याच्या शेवटी फॉर्म भरायचे, त्यात एक ओळ असते: "दृश्यात बदल आहे का?" मी या महिन्याचा फोटो मागच्या महिन्याशेजारी ठेवायचे. दोन्ही सारखेच दिसायचे. अकरा वेळा मी "नाही" लिहिलं, अकरा वेळा सही केली. वर्षापूर्वीचा एक फोटो काढून शेजारी ठेवला असता तर पोरगंसुद्धा ओरडलं असतं. म्हणजे तोकडीला यादीतून काढायला निघालं होतं ते वर्ष माझ्या सहीने भरत आलं होतं. मी तिथेच दगडावर बसून रडले. लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि त्या दोन्हींखाली आशा एवढी उसळत होती की मला बसवेना.

आम्ही वाटेवर गेलो. दुभंगल्या दगडापाशी मातीत ओरबाडल्याच्या खुणा होत्या. दादांनी बोट लावून पाहिलं. "दोन-तीन दिवसांच्या. बिबट्याच आहे. पण कुठला, ते मी कसं सांगू? नवा आलेला असेल."

तोकडीच, असं मी म्हणणार होते, पण जीभ आवरली. वाटण्यावर चालणार नव्हतं.

खांब फिरवून आम्ही बुडाशी दगड रचले. दादांनी चाळीस पावलांवर एक जुना वाकडा खांब रोवला. "गाढवांना खाजवायला काहीतरी हवं ना. नाहीतर पुन्हा इथेच येतील." मग ते चाचणीसाठी वाटेवरून चालून जायला निघाले.

"थांबा," मी म्हणाले. "गुडघे पाहून काही कळत नाही. मी जाते." आणि मी त्या वाटेवरून रांगत गेले, दोन्ही हात टेकून, थांबत, वास घेत, तोकडी जायची तशी. मागे दादा खोकत होते. हसू दाबण्यासाठी खोकत होते हे मला कळत होतं.

शुक्रवारी सकाळी खोपीतला चहा तसाच टाकून मी निघाले. आज बसायला वेळ नव्हता. धाप लागली तरी चालतच राहत होते. कार्ड काढून मी माझ्या लहान पडद्यावर लावलं. पहिले चौदा फोटो एका जाड्या बाईचे. लाल नाक, लोकरी टोपी कानांवर, रांगत येतेय. पाच वर्षं दुसऱ्यांना पाहिलं, आता बघ म्हणावं स्वतःला! मग गवत. गवत. कोल्ह्याचा कान. पुन्हा गवत, आणखी गवत.

पहाटे पाच वाजून बारा मिनिटं.

ठिपके मी नंतर मोजले. त्याआधी शेपटी दिसली. निम्मीच. माझी तोकडी, जाडजूड, चांगली खाल्लेली-प्यालेली, मी आदल्या दिवशी जिथे हात टेकले होते त्या मातीत नाक खुपसून उभी होती. पुढच्या फोटोत तिने तिथे गाल घासला होता. त्याच्या पुढच्यात ती तिथेच पाठीवर लोळत होती, चारही पाय आभाळात.

मी किंचाळले. दादांनी पडदा हातात घेतला, आणि पाच वर्षं जिच्या फोटोंची कार्डं बदलली ती त्यांनी पहिल्यांदा पाहिली. नव्या कोऱ्या पँटने तिथेच मातीत बसले.

अडीअडचणीसाठी त्यांच्याकडे एक सॅटेलाइट फोन होता. मी तो हिसकावून घेतला. मोठ्या बाईंनी लगेच उचलला. "काय झालं? पडलीस का?"

"बाई, तोकडी आहे! जिवंत आहे! फोटो आहे आजचा!"

पलीकडे बाईंनी मोठा श्वास सोडला. "देवाची कृपा. पण मग वर्षभर होती कुठे ती?"

"इथेच होती, बाई!" मी आनंदाने ओरडले. "कुठेच गेली नव्हती! चूक माझी, सगळी माझी, अकरा सह्यांसकट लिहून घ्या! मीच दुसरीकडे बघत होते!"