मशिनमन बाबांचा डीजे कंट्रोलर

मी डीजे कंट्रोलर बोलतोय. नाव भारदस्त आहे, पण जीव लहान. पुरीएवढ्या दोन चकत्या, मधे सरकवायच्या दोन-तीन पट्ट्या आणि वर गोल बटणांची रांग, एवढाच माझा संसार. माझ्यात एकही गाणं नाही. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, आवाज स्पीकरमधून येतो. मी या दोघांच्या मधला नुसता हात आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने चकत्या बसवल्या, दुसरीने बटणं खोचली, तिसरीने थर्माकोलमध्ये निजवून खोक्याचं झाकण लावलं. पुन्हा उजेड दिसला तो वाद्यांच्या दुकानात, खालून दुसऱ्या फळीवर. वरच्या फळीवर माझे मोठे भाऊ होते, चार-चार चॅनलचे, स्वतःचा पडदा असलेले. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे बघायचा आणि मग मान खाली घालून माझ्याकडे.

बाबा मात्र थेट माझ्यासमोरच उकिडवे बसले. पन्नाशी उलटलेली, नखांत काळी शाई. ते छापखान्यात मशिनमन होते. बरोबर त्यांची बायको, म्हणजे काकू होत्या. बाबांच्या हातातल्या कागदावर बारीक अक्षरात प्रश्न लिहिलेले होते.

"याच्यावर गाणी वाजतात का?" काकूंनी विचारलं.

"याच्यावर नाही काकू, याच्याकडून," चष्मेवाला दुकानदार हसून म्हणाला. "काकांना नव्यानेच शिकायचंय ना? मग दोन चॅनल पुरेत, एका वेळी दोनच गाणी हाताळायची. याच्याबरोबर हलकं सॉफ्टवेअर फुकट येतं, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. त्याचं मोठं रूप वर्षभर तरी विकत घेऊ नका, त्यातली निम्मी बटणं तुम्ही दाबणारही नाही. स्पीकर घरातले चालतील. हात सैल सोडायचाच असेल तर हेडफोनवर सोडा, कान पूर्ण झाकणारे घ्या."

"काय घेऊ?" बाबांनी विचारलं.

दुकानदाराने पुन्हा सांगितलं. बाबांनी पुन्हा विचारलं. काकू म्हणाल्या, "रस्त्यावरच्या गाड्यांचा केवढा गोंगाट आहे इथे."

दुकानाचं दार बंद होतं. पण तेव्हा ते मलाही खटकलं नाही.

घरी माझी जागा जेवणाच्या टेबलावर होती. लॅपटॉप मुलीचा, तिच्या कॉलेजातला, एक कळ निखळलेला. मुलीला घरात ठकू म्हणत. ती नोकरीला लागली होती आणि तिचं लग्न ठरत आलं होतं. बाबांची पहिली पाळी दुपारी संपायची. जेवण झालं की ताटं उचलायची, टेबल पुसायचं आणि माझ्यावरचं फडकं काढायचं.

बाबांचा हात पहिल्या आठवड्यातच बसला. माझ्यासारख्या स्वस्त यंत्रालाही कळतं, कुणाच्या बोटांत ताल आहे आणि कुणाच्या नाही. पंचवीस वर्षं ते एका धडधडणाऱ्या यंत्राशेजारी उभे होते. कागद अडकायच्या आधी त्याचा सूर बदलतो म्हणे. तो सूर ऐकू यावा म्हणून त्यांनी कानात बोळे कधी घातले नाहीत. मालकाने दिलेले बोळे खिशातच राहिले, शर्टाबरोबर धुतले गेले.

"हे बघ," ते काकूंना समजावत. "एक-दोन-तीन-चार. एक गाणं संपत आलं की दुसऱ्याचा पहिला ठोका त्याच्या पहिल्या ठोक्यावर ठेवायचा. रंगीत छपाईत नाही का, निळ्यावर पिवळा तंतोतंत बसावा लागतो. केसभर सरकला तर छापलेल्या माणसाला दोन नाकं येतात."

"आणि हे बटण कसलं?"

"सिंक. ते दाबलं की सॉफ्टवेअर आपणहून ठोके जुळवतं." त्यांनी नाक मुरडलं. "मग मी इथे काय माशा मारू?"

काकू खूप हसल्या. ते घर तेव्हा खूप हसायचं. संध्याकाळी ठकू आली की बाबा तिच्या लहानपणचं एक गाणं लावायचे. त्या गाण्यावर ती बाबांच्या पावलांवर पावलं ठेवून नाचायची, म्हणे. आता मावत नव्हती, तरी एकदा तिने तसंच केलं. बाबा "पाय मोडशील गं, घोडे!" म्हणून ओरडले आणि तसेच नाचत राहिले.

ठकू म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात एक तास फक्त तुमचा. दुसरं कुणी वाजवायचं नाही."

त्या दिवसापासून बाबांचा सराव सुरू झाला आणि माझी काळजीही.

माझ्या पुढच्या कडेला हेडफोनचा आवाज कमी-जास्त करायचं एक छोटं बटण आहे. त्यावर पांढरी रेघ आहे. आधी ती रेघ घड्याळातल्या नवाच्या जागी असायची. दोन-तीन महिन्यांत ती बाराला गेली. मग तीनला. मग पाचला, आणि पाचाच्या पुढे ते बटण फिरत नाही. बाबांचा अंगठा मात्र तिथेही जोर लावायचा. रेटून बघायचा, सोडायचा, पुन्हा रेटायचा.

आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्याची एक रंगीत पट्टी पडद्यावरून सरकत असते. जिथे ठोका, तिथे उंचवटा. बाबांची नजर त्या पट्ट्यांवरून हलेनाशी झाली होती. वरच्या पट्टीचे उंचवटे खालच्या उंचवट्यांवर आणून ठेवायचे. बाहेर ठोके अचूक जुळायचे, काकू स्वयंपाकघरातून "वा!" म्हणायच्या, पण बाबा ते ऐकत नव्हते. बघत होते.

मला वाचा असती तर मी काकूंना हाक मारली असती. मी फक्त दिवे लुकलुकवत राहिलो.

एका दुपारी काकू घरात नसताना बाबा बाहेरून आले. त्यांनी माझं रिकामं खोकं खाली काढलं आणि थर्माकोलच्या खाली घडी घातलेला कागद ठेवला. ठेवण्याआधी एकदा उघडला. कानाच्या डॉक्टरांचा कागद होता तो. त्यावर एक रेघ होती, सुरुवातीला थोडी आडवी, मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली. कानाला लावायचं यंत्रही त्यांनी काही दिवस छापखान्यात लावून पाहिलं, घरी कुणासमोर कधी नाही. एकदा माझ्यापाशी बसून लावलं, गाणं सुरू केलं आणि लगेच काढून टाकलं. "भांडी घासल्यासारखं वाजतंय," ते स्वतःशीच म्हणाले.

लग्न एका बागेत होतं, दुपारचं. मला कापडी छताखाली ठेवणार होते, पण तिथे जेवणाची टेबलं लागली आणि मी उघड्यावर आलो. बाबांनी नवा शर्ट घातला होता. नखं घासून घासून पांढरी केली होती. ठकू नवऱ्याचा हात धरून पाहुण्यांच्या मधोमध उभी होती, आणि सगळ्यांना अभिमानाने सांगत होती, "ते बघा, माझे बाबा!"

पहिलं गाणं छान वाजलं. ते संपत आलं तसे बाबा लॅपटॉपवर वाकले, आणि त्यांचे हात थबकले.

पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. उन्हाने तो काळाकुट्ट केला होता. त्यात बाबांना फक्त स्वतःचा चेहरा दिसत होता. त्यांनी तळव्याची सावली धरली, लॅपटॉप फिरवला, मान तिरकी केली. पट्ट्या दिसेनात. गाणं संपत चाललं होतं. शेवटी त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर गच्च दाबले, डोळे मिटले आणि दुसरं गाणं सोडलं.

ते ठकूचं गाणं होतं.

ठोके एकमेकांच्या अंगावर कोसळले. दोन माणसं एकाच जिन्यावरून वेगवेगळ्या घाईने धावत उतरावीत तसा आवाज झाला. नाचणारे थांबले. कुणीतरी हसलं, कुणी कानांत बोटं घातली. सिंकचं बटण बाबांच्या करंगळीपासून दोन बोटांवर होतं. दाबा हो, मी मनात म्हणत होतो, आजचा दिवस दाबा. पण बाबांना गडबड झालीय हेच कळलं नव्हतं. ते मान डोलवत होते.

ठकू गर्दीतून वाट काढत आली. चेहरा लालबुंद.

"बाबा, बंद करा!"

"काय?"

"बंद करा म्हणते ना! लाज काढलीत माझी सगळ्यांसमोर!"

बाबांनी तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. मग तोंडभर हसले. "मोठा करू? करतो की!" आणि माझी आवाजाची पट्टी त्यांनी पार वरपर्यंत सरकवली.

ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याच्या भावाने पुढे होऊन माझी वायर ओढून काढली. बाबांनी आधी त्याच्या हातातली वायर पाहिली, मग लोकांची तोंडं, आणि सगळ्यात शेवटी ठकूचं. त्यांनी हेडफोन काढून माझ्यावर ठेवले, इतके हळू, जणू मला लागेल. उरलेल्या लग्नात फोनवरची गाणी वाजली.

दुसऱ्या दिवशी काकू मला खोक्यात भरायला बसल्या तेव्हा थर्माकोलखालचा कागद त्यांच्या हाती लागला. त्या बाबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येक शब्द सुटा करून बोलल्या.

"अहो, हे केव्हापासून?"

"झालं दीडेक वर्ष."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"लग्न होऊ दे म्हटलं. पोरीला एक तास कबूल केला होता."

"आत्ताच्या आत्ता फोन करते तिला. काय वाटेल ते बोलली ती तुम्हाला."

"नको," बाबा म्हणाले. "कळलं तर आयुष्यभर रडेल. त्यापेक्षा रागावलेली बरी."

मी कपाटावर गेलो. खोक्यातल्या अंधारात मला फक्त घराचा आवाज यायचा, आणि तो दिवसेंदिवस कमी होत गेला. काकू आता मोठ्याने बोलायच्या, आणि मोठ्याने बोलावं लागतं म्हणून थोडंच बोलायच्या. छापखान्यात बाबांना यंत्रावरून काढून कागद मोजायला बसवलं होतं. ठकूचे फोन आईला यायचे. "बाबा कसे आहेत?" एवढंच विचारून ती फोन ठेवायची. सात महिने काकूंनी बाबांचा शब्द पाळला. आठव्या महिन्यात एका फोनवर त्यांचा बांध फुटला.

ठकू त्याच रविवारी आली. कपाटावरचं खोकं तिने स्वतः काढलं. मला टेबलावर ठेवलं आणि लॅपटॉप जोडला. बाबा खुर्चीत बसले होते. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, काहीतरी बोलली. त्यांना समजलं नाही. पुन्हा बोलली. मग तिने कागद घेतला आणि लिहिलं, 'मला शिकवा.'

बाबांनी तो कागद कितीतरी वेळ वाचला. मग ताडकन उठले.

"हो हो! बस इथे. ही डावी चकती, ही उजवी. आधी मोज. एक-दोन-तीन-चार. बोट हलकं ठेव, पीठ मळत नाहीयेस!"

ठकूने गाणं सुरू केलं. खोलीत सगळं शांत. तिने माझ्याकडे पाहिलं, माझे दिवे तर चालू होते. मग तिच्या लक्षात आलं. लॅपटॉपची वायर तिने लावली होती, स्पीकरची राहिली होती. ती उठायला लागली, आणि तिची नजर बाबांकडे गेली.

बाबांनी डोळे मिटले होते. त्यांचं पाऊल जमिनीवर ठेका धरत होतं. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं सुख होतं.

"वा!" ते म्हणाले. "हं, आता दुसरं सोड. आत्ता! बघ, कसं जुळलं!"

ठकू उभीच्या उभी राहिली. मग खाली बसली. तिने उजवी चकती फिरवली, मधली पट्टी हळूहळू सरकवली. मी माझं काम चोख केलं. आयुष्यात इतकं मन लावून मी कधी वाजलो नव्हतो.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "अगं, आवाज का नाही..." ठकूने ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी बाबांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून दारातच उभ्या राहिल्या.

बाबांनी डोळे उघडले. लेकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, रडतेस काय वेडे? जमलं की तुला. काही अवघड नसतं यात. कान तेवढा चांगला हवा."

तेव्हापासून ठकू दर रविवारी येते. कधी वायर लावते, कधी नाही. माझा एक दिवा गेलाय, डावी चकती करकरते, आणि बाजारात माझ्याहून स्वस्त, माझ्याहून हुशार कंट्रोलर आलेत. मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. जे तुम्हाला सांगितलं ते तुमच्यापाशीच ठेवा. कधी रविवारी त्या घरी गेलात आणि खोलीत सामसूम असली, तरी काही विचारू नका. बाबांच्या शेजारची खुर्ची ओढा, बसा आणि त्यांच्या पावलाकडे बघत मान डोलवा.