शितळासप्तमीची चूल

श्रीरंगने पुन्हा फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. प्रोफेसरांना सांगणार काय, कपाळ? चँडलर या अमेरिकी शहराबाहेर कापसाच्या शेताखाली एक प्राचीन वस्ती सापडली होती. तिथली चूल हजारेक वर्षांपूर्वीची, असं तो वर्षभर छातीठोकपणे सांगत आला होता. त्यावर त्याचा सगळा प्रबंध उभा होता. आणि आज लॅबचं उत्तर आलं, चुलीतला कोळसा अलीकडचा. त्या जागेवर एव्हाना घरं उठली होती. दुसरा कोळसा आणायचा कुठून?

आई भाजी चिरत होती. काय झालं विचारलं, तर तो नुसता चूल-चूल करू लागला. तिचा चेहरा खुलला.

"तुझ्या त्या चुलीची मी पूजा केली होती."

ऑगस्टमध्ये ती नुकतीच पुण्याहून आली होती. फार मागे लागली म्हणून त्याने एका रविवारी, कोणी नसताना, तिला उत्खननाच्या खड्ड्यात उतरवलं आणि गाडीतलं पाणी आणायला गेला. तेवढ्यात बाईंनी कार्यक्रम उरकला. शितळासप्तमीला चूल पुजायची, आणि लेकाच्या घरी मेली विजेची शेगडी! हळदीकुंकू तिने लगेच पुसलं, हा ओरडेल म्हणून. उदबत्तीचे जळके तुकडे मात्र चुलीतच खोल दाबले. पूजेतलं पायदळी येऊ नये ना.

जुन्या कोळशात उदबत्तीचा कोळसा कसा मिसळला, ते श्रीरंगने तिला रडवेल्या आवाजात सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. नमुना घेताना हयगय झाली म्हटलं, तर प्रोफेसर चार दिवस धुमसतील आणि विसरतील. पण परक्या माणसाला खड्ड्यात नेलं हे कळलं, तर थेट हकालपट्टी. मग स्कॉलरशिप गेली, व्हिसा गेला, सगळंच संपलं. पण आईचा चेहरा आधीच एवढासा झाला होता.

त्याने नंबर फिरवला.

"माय मिस्टेक, सर. मी एकटाच होतो तिथे," तो इंग्रजीत सांगू लागला.

आईने सुरी खाली ठेवली. पदराला हात पुसले आणि त्याला कळायच्या आत रिसीव्हर त्याच्या हातून घेतला.

"सर, आय मदर. हिज नो मिस्टेक. आय डू पूजा."

तो झेपावला, तिने पाठ वळवली. पलीकडून प्रोफेसरांनी सावकाश काहीतरी विचारलं.

"येस, येस. इनसाइड. श्रीरंग ब्रिंग मी."

मग तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला. तिला केवढं हलकं वाटत होतं.

"सांगितलं सगळं," ती म्हणाली. "आता तुला कोणी बोल लावणार नाही."