धुक्याचे दिवे

नावाला बारक्या, पण अंगापिंडाने असा की ट्रकचं दार त्याला अपुरं पडावं. वडील गेल्यापासून दादा गिऱ्हाइकं सांभाळायचा आणि हा ट्रक चालवायचा. गेल्या थंडीत धुक्यात तो दरीच्या काठावरून थोडक्यात वाचला होता. म्हणून दादाने आपणहून धुक्याचे जादा दिवे आणले, तेव्हा बारक्याला भरून आलं.

"नीट बसवून घे रे," दादा म्हणाला. "जीव काय पुन्हा मिळतो?"

संध्याकाळी बारक्याने गोदामाच्या भिंतीसमोर, सपाट जागी ट्रक उभा केला. चाकांतली हवा बघितली, दिव्यांच्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढली. उजेड त्या रेघेच्या खालीच राहायला हवा. वर गेला की धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डावा दिवा मनासारखा बसला. उजव्याचा नट तो पान्याने फिरवत होता, तेवढ्यात दादा एका अनोळखी माणसाला घेऊन आला. तो माणूस थेट केबिनमध्ये चढला आणि सीट पुढे ओढून बसला.

"अजून जरा खाली घ्या," तो आतून म्हणाला. "आमचा माल जड असतो. मागून गाडी दबली की उजेड वर जाईल."

"आमचा म्हणजे?" बारक्याने दादाकडे पाहिलं.

दादा भिंतीकडे बघत राहिला. "गाडी यांना विकली. सांगणारच होतो तुला, दिवे झाले की."

"तू मला विचारलंसुद्धा नाहीस?"

"बाबांनी माझ्याच नावावर केली होती ना. आणि दिव्यांची अट यांचीच होती. तुला काय, कुठेही काम मिळेल."

असा केसाने गळा कापला होता. नट तसाच ढिला सोडावा, असं बारक्याच्या मनात आलं. पण धुक्यात समोरून कोणीतरी येणारच. त्याने दिवा खाली घेतला, नट घट्ट आवळला आणि सीटमागची आपली चादर काढून घेतली.

"चल घरी," दादा म्हणाला. "वहिनी जेवायची थांबलीय."

"तिला माहीत होतं?"

दादा त्या माणसाला किल्ली द्यायला वळला.

बारक्या गेला नाही. पुढे तो दुसऱ्या मालकाच्या गाडीवर लागला. दादाचा फोन आला की उचलतो, सगळ्यांची खुशाली विचारतो. फक्त जन्मभर ज्याला अरे-तुरे केलं, त्याला आता तो अहो-जाहो करतो.