मास्तरांचे उसने कान

“काका, बिट्टीला ऐकू येत नाही,” असं झिपऱ्यानं सांगितलं तेव्हा भोंगेमास्तरांचा हात उठला तो थेट त्याच्या कानाखाली वाजवायलाच. मारलं मात्र नाही. एक तर पोरगं दुसऱ्याचं, आणि त्यातून त्यानं दोन्ही कानांत कापसाचे एवढाले बोळे कोंबलेले. असल्या ध्यानावर हात टाकायलाही कसंतरीच वाटतं.

“कुणाला ऐकू येत नाही?”

“बिट्टीला. तुमच्या.”

मास्तर मोठ्यानं हसले. “अरे गाढवा, तिच्या कानांवर माझं दुकान चालतं!”

यात खोटं काही नव्हतं. भोंगे, कर्णे, स्पीकर दुरुस्त करायचे आणि बसवायचे हा मास्तरांचा धंदा. इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून दुकान. वरच्या मजल्यावर घर. तीस वर्षं कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांचे स्वतःचे कान केव्हाच कामातून गेले होते. माणसाचं बोलणं ऐकू यायचं, पण आवाजातली बारीक खरखर, मधेच उठणारी शिट्टी, काही म्हणता काही कळायचं नाही. गिऱ्हाइकांना त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता. मुलगी सात वर्षांची झाली तशी तिला त्यांनी हाताशी घेतली. दुरुस्त झालेल्या कर्ण्यासमोर तिनं उभं राहायचं, यांनी बटण फिरवायचं, आवाज आला की तिनं हात वर करायचा, आणि मग कसा आला ते सांगायचं. “आमचं मीटर,” असं ते चारचौघांत तिची ओळख करून देत. “बिट्टी आहे तोवर दुकान आहे.” आता मीटर सोळा वर्षांचं झालं होतं आणि त्याची अकरावीची परीक्षा तोंडावर आली होती.

झिपऱ्याला कापूस कोंबून यावं लागलं ते मात्र मास्तरांच्याच करणीनं.

इमारतीच्या दाराशी पाच रुंद पायऱ्या आहेत. तिथं रोज चार वाजल्यापासून आठ पोरंपोरी ठाण मांडून बसत. दुकानातून मोकळी झाली की बिट्टीही त्यांच्यात जाऊन बसे. काय करत? बसत. भांडण नाही, धिंगाणा नाही, नुसती समोरासमोर तोंड करून बडबड. सोसायटीच्या सेक्रेटरींना नेमकं हेच सहन होत नव्हतं. पोरांनी काहीतरी केलं असतं तर तक्रार तरी करता आली असती.

पहिला उपाय म्हणून मास्तरांनी दारावर कर्णा लावून सेक्रेटरींच्या वार्षिक सभेतल्या भाषणाची टेप दिवसभर वाजवली. चार दिवसांत पोरांना भाषण पाठ झालं. पाचव्या दिवशी झिपऱ्यानं खुद्द सेक्रेटरींसमोर ते हातवाऱ्यांसकट करून दाखवलं, खोकल्यासकट. सेक्रेटरींचा अगदी तिळपापड झाला.

मग मास्तरांनी ती पेटी बनवली. एक आवाज असा असतो म्हणे, इतका बारीक, की तो फक्त कोवळ्या कानांनाच ऐकू येतो. पंचविशी-तिशी उलटली की माणूस त्यातून सुटला. सेक्रेटरी तर टाळ्या पिटायचेच बाकी राहिले. पेटीला दोन बटणं, एक चढ-उताराचं, म्हणजे आवाज बारीक किंवा जाड करायला, आणि दुसरं मोठा-लहान करायला, शिवाय आवाज सुरू झाला की लागणारा लाल दिवा. मास्तरांना अर्थातच त्यातलं काहीच ऐकू येणार नव्हतं. त्यांनी मीटरला हाक मारली.

बिट्टी समोर उभी राहिली. त्यांनी कळ दाबली. हात झटकन वर.

“टोचतो का?”

“तेवढा नाही.”

मास्तरांनी बटण फिरवून आवाज मोठा केला. “आता?”

“थोडासा.”

असं करत करत बटण पार शेवटापर्यंत गेलं, पुढं फिरेना, तेव्हा ती म्हणाली, “आता बरोबर.” मास्तरांनी पेटी पायऱ्यांच्या डोक्यावर ठोकली.

पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत पायऱ्या ओस पडल्या. पोरं कानांवर हात ठेवून पळाली. दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ दाराशी आणलं की काळंनिळं होईस्तोवर रडायला लागलं. सेक्रेटरी म्हणाले, लहान मुलं रडतातच. आणि बिट्टी तेवढी रोज चार वाजता, पेटीच्या अगदी खाली, पुस्तक घेऊन एकटी बसायला लागली.

हे बघून कुणालाही काहीतरी खटकलं असतं. मास्तरांनाही क्षणभर खटकलं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि ती इतकी पक्की घातली की पुढं दहा दिवस ते ती गिऱ्हाइकांना ऐकवत होते. ‘कर्ण्यांत वाढलेली पोर आहे. तिचे कान तयार झालेत. इतरांसारखी नाजूक नाही ती.’ बिट्टीची आई दोनदा म्हणाली होती की ही हल्ली चार हाका मारल्याशिवाय जागची हलत नाही. त्यावर मास्तरांचं उत्तर, की वयच तसं आहे.

“बघ तिकडे,” मास्तर आता झिपऱ्याला म्हणाले. दुकानाच्या दारातून पायऱ्या दिसत होत्या, बिट्टीची पाठ दिसत होती. “तासन् तास बसते. तुम्हालाच बरी डोकेदुखी होते!”

“ती बसते, कारण तिला ऐकू येत नाही, काका.” झिपऱ्यानं एका कानातला बोळा काढला, चेहरा वेडावाकडा केला आणि परत कोंबला. “दोन वर्षं झाली. वर्गात सर फळ्याकडे तोंड करून बोलले की तिला एक शब्द कळत नाही. समोर बघून बोललं तर ओठांवरून कळतं. म्हणून तर आम्ही इथं बसायचो. दिवसभर वर्गात काय झालं ते सगळं तिला समोर बसून परत सांगायचो. एकेकाला एकेक विषय वाटून दिलाय. माझ्याकडे रसायन.”

मास्तरांनी पायऱ्यांवरच्या तिच्या पाठीकडे पाहिलं.

“घरी सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं. पण परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय नि आम्हाला इथं दोन मिनिटं थांबवत नाही. बागेत चल म्हटलं, तर बाबा दुकानातून बघतात, कुठं नि कशाला जातेस विचारतील म्हणते, पायऱ्या सोडत नाही. आमची वाट बघत बसते ती तिथं, काका. तुम्ही ते बंद तरी करा.”

“खोटं,” मास्तर म्हणाले. पण ते त्यांनी फार हळू म्हटलं. त्यांनी भिंतीवरची कळ दाबून बाहेरची पेटी बंद केली, झिपऱ्याला दारातच थांबवलं आणि बिट्टीला आत आणलं. हाक मारून नाही. हाक मारायचा त्यांना एकाएकी धीरच होईना. जाऊन खांद्याला हात लावून आणलं.

टेबलावर तसलीच एक दुसरी पेटी होती, नमुन्याची. “जरा तपासायची आहे,” ते म्हणाले. बिट्टी नेहमीच्या जागी उभी राहिली. मास्तरांनी पाठमोरं होऊन लाल दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि कळ दाबली.

दारातला झिपऱ्या कळवळून मागे सरला. बिट्टी पेटीकडे बघत होती. दिव्याच्या जागेकडे. मग तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तरांनी चेहरा दगडासारखा ठेवला. तिची नजर त्यांच्या हाताकडे गेली, परत तोंडाकडे आली. मास्तरांनी आवाज बंद केला आणि उगाच भुवया उचलल्या.

बिट्टीनं हात वर केला.

दुकानात कसलाही आवाज नव्हता, आणि त्यांची पोर हात वर करून उभी होती, नेहमीसारखी ताठ, शाबासकीची वाट बघत.

“पाठ फिरव,” ते म्हणाले. मग बोटानं खूण करून दाखवलं. तिचा चेहरा पडला. तिला कळलं. तरी ती मुकाट्यानं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तरांनी पेटी पुन्हा सुरू केली आणि चढ-उताराचं बटण उतरवायला घेतलं. हळूहळू, केसाकेसानं. हात खालीच. आणखी उतरवलं. हात खालीच. कुठंतरी येईल, आता येईल, असं म्हणत ते बटण फिरवत राहिले, आणि एका जागी त्यांचाच हात थबकला. त्यांना ऐकू आलं. एक बारीकशी शिट्टी, लांबून आल्यासारखी. तीस वर्षं भोंग्यांनी खाल्लेल्या त्यांच्या कानांना ती ऐकू येत होती. आणि बिट्टी तीन हातांवर उभी, पाठमोरी, हात खाली.

बापाच्या मानानंसुद्धा पोरीला कमी ऐकू येतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शिट्टी वाजत होती, ती त्यांना आता चांगली स्पष्ट ऐकू येत होती, आणि ती थांबावी असं त्यांना वाटत होतं. त्यांनी बटण आणखी उतरवलं. शिट्टीचा घोगरा भोंगा झाला, टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर थरथरायला लागला, तेव्हा कुठं बिट्टीचा हात वर गेला.

“आता आला, बाबा,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “खरंच आला.”

मास्तरांनी पेटीची वायर उपटून काढली. बिट्टी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती घाईघाईनं बोलत होती. “पहिल्यांदा मला वाटलं पेटीच बिघडलीय. मग दिवा दिसला. मी नाही म्हटलं असतं तर दुकानाचं काय झालं असतं? तुम्हीच म्हणता ना, बिट्टी आहे तोवर दुकान आहे. आणि मला वाटलं, एवढं वाढवूनही येत नाही म्हणजे कुणालाच येणार नाही. ही सगळी निघून जातील असं मला खरंच माहीत नव्हतं.”

दुकानात भिंतीला लागून कर्ण्यांची रांग होती. त्या प्रत्येकासमोर मास्तरांनी तिला उभं केलं होतं. नऊ वर्षं, शाळेतून आल्यावर, रोज. ‘अजून जवळ जा,’ म्हणून. ‘कान लाव,’ म्हणून. स्वतःचे कान कशानं गेले हे जगात कुणाला माहीत असेल तर ते त्यांना होतं, आणि तरी त्यांच्या मनाला एकदाही ते शिवलं नव्हतं. मास्तर स्टुलावर मटकन बसले. मान वर करायची त्यांना लाज वाटत होती. फरशीकडे बघत, हाताच्या ओंजळीत तोंड खुपसून ते पुटपुटायला लागले. मी केलं हे, म्हणाले. माझ्या पोटासाठी तुझे कान वापरले, म्हणाले. सात वर्षांची होतीस, तू काय सांगणार होतीस, मला कळायला हवं होतं, मला माफ कर, म्हणाले. असं बरंच काही त्यांनी सांगितलं. जन्मात कुणापुढं एवढं बोलले नव्हते.

बिट्टी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. खाली वाकून त्यांचं तोंड दिसतं का ते बघू लागली. मग तिनं त्यांचे दोन्ही हात धरून चेहऱ्यावरून बाजूला केले.

“बाबा, काहीच कळलं नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून बोला ना.”

आणि भोंगेमास्तरांना ते सगळं, पहिल्या शब्दापासून, तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा सांगावं लागलं.