खिशातलं वजन

मित्रांनो, मी एक जुना पितळी ठोकळा आहे. तराजूच्या पारड्यात घालायचं वजन म्हणा ना. आकाराने तुमच्या अंगठ्याएवढा, वर धरायला छोटीशी गोल मूठ. माझ्या जातीचं काम म्हणजे गप्प बसणं. पारड्यात बसायचं, काटा मध्ये येईपर्यंत हलायचं नाही, आणि काम झालं की लाकडी पेटीत आपल्या खाचेत परत. अशा माझ्या नशिबी आयुष्यभराची घालमेल आली, ती आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेलं पितळ साच्यात पडलं, निवलं, मग कानशीने घासून घासून मला बरोबर मापात आणलं. पोटाखाली तपासणीचा शिक्का बसला तेव्हा मी छाती फुगवली होती, खोटं कशाला सांगू? तिथून मी खिळे-स्क्रूच्या दुकानात आलो. दुकानाचा मालक मोठा काटेकोर. एक खिळा जास्त पडला तर राहू द्यायचा, कमी पडला तर ट्रेमध्ये हात घालून शोधून टाकायचा. तपासायला येणारा साहेब मला उचलून म्हणायचा, "मालक, वजन असावं तर असं!" मालक फक्त मला फडक्याने एकदा जास्त पुसायचा.

मग काउंटरवर विजेचा काटा आला आणि आमची पेटी खणात गेली. खणात फुटक्या कुलपांच्या शेजारी मी किती काळ पडून राहिलो, देव जाणे. मला बाहेर काढलं ते मालकाच्या मुलाने, न विचारता. तो पोकर खेळायचा, पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. मोठमोठ्या हॉटेलांत देशोदेशीचे पट्टीचे खेळाडू जमतात, तिथे तो खेळायचा. त्याच्यासमोर दुकानात कुणी विचारलं, "थोरले चिरंजीव काय करतात हल्ली?" तर मालक खिळे तोलता तोलता म्हणायचा, "खेळतो." एवढंच. त्या एका शब्दाने मुलगा किती दुखावला जायचा ते मला ठाऊक आहे, कारण तो शब्द कानावर पडला की खिशात त्याची मूठ माझ्याभोवती आवळायची.

तुम्ही म्हणाल, पत्त्यांत वजनाचं काय काम? सांगतो. या खेळात प्रत्येकाच्या पुढ्यात दोन पत्ते पालथे असतात. ज्याला डाव सोडायचा असतो तो आपले पत्ते पुढे सरकवतो, आणि पत्ते वाटणारा डीलर ते गोळा करून ढिगात टाकतो. ढिगात गेलेला पत्ता परत मिळत नाही, चूक कुणाचीही असो. म्हणून जाणते खेळाडू आपल्या पत्त्यांवर काहीतरी जड ठेवतात. कुणाचं धातूचं कासव, कुणाचा नदीतला गोटा. आमच्याकडे मी.

पण तो मला ठेवील तर ना! मला उचल, फिरव, आडवा कर, बोटांतून घरंगळव, परत ठेव. खिडक्या नसलेल्या त्या गार खोल्यांत सगळे दगडासारखे बसलेले असायचे आणि मी एकटा गरगरत असायचो. मला अक्षरशः भोवळ यायची. त्याचा स्वभावच अस्वस्थ. चेहरा शांत ठेवायला शिकला होता, बोटांना कोण शिकवणार?

त्याचा एक मित्र होता. समोरच्याकडे पापणी न लववता बघायचा म्हणून सगळे त्याला घुबड म्हणायचे. एकदा जेवताना घुबड त्याला म्हणाला, "पत्ते चांगले आले की तू ते पितळ जोरात फिरवतोस. हूल देतोस तेव्हा हळू. अख्खं टेबल वाचतंय तुला, बाबा."

"मग काय करू?"

"फेकून दे ते."

"फेकणार नाही. खिशात ठेवतो."

तशात वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा आली. तो पहिल्यांदाच शेवटचे मोजके खेळाडू बसतात त्या टेबलाच्या उंबरठ्यावर पोचला होता. खेळ टीव्हीवर दाखवणार होते. त्याने घरी फोन केला, "बाबा, उद्या दुपारी बघाल?"  पलीकडून मालक म्हणाला, "बघतो." आजवर मालकाने त्याचा खेळ एकदाही पाहिला नव्हता. आपण नुसते खेळत नाही, हे बापाला एकदा दिसावं, एवढीच त्या मुलाची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी तो डीलरबाईंच्या अगदी हाताशी बसला होता. मी खिशात. त्याला दोन एक्के आले. याहून चांगली सुरुवात या खेळात नाही. त्याने आपल्या बहुतेक चकत्या, म्हणजे टेबलावरचे पैसेच ते, पुढे लोटल्या. समोरच्या म्हाताऱ्या खेळाडूने तर सगळ्याच लोटल्या. आता याची पाळी आली की "आलो" म्हणून उरलेल्या चकत्या लोटायच्या, बस्स! तोवर घुबडाचा धडा आठवून तो पुतळ्यासारखा बसला. पण बोटं ऐकतात होय? हात खिशात गेला आणि मला गरागरा फिरवू लागला. वर टेबलावर त्याचे पालथे पत्ते बिनवजनाचे पडले होते, मित्रांनो! मी बोंबलून सांगितलं असतं, पण पितळाला कुठलं तोंड?

शेजाऱ्याने डाव सोडला. त्याचे पत्ते घसरत येऊन आमच्या पत्त्यांना टेकले. डीलरबाईंनी एका हाताने चारही गोळा केले आणि ढिगात टाकले.

"अहो, माझे होते ते!" तो ओरडला.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "माफ करा. पण वर काही नव्हतं ना हो..."

पंच आले. नियम म्हणजे नियम. डाव गेला, लोटलेल्या चकत्या गेल्या, आणि उरलेल्या मूठभर चकत्यांवर तो काही फार वेळ टिकला नाही. माझ्याभोवतीची बोटं तेव्हा पहिल्यांदाच थांबली. ती शांतता मला मुळीच आवडली नाही.

तो थेट दुकानात गेला. मालक काउंटरवर एकटाच होता.

"बाबा, बघितलंत?"

"बघितलं."

"त्या बाईची चूक होती."

"पत्ते कुणाचे होते?"

त्याचा हात खिशाकडे गेला. मग मालकाने विचारलं, "आपलं वजन कुठे होतं?" म्हणजे मी कुठे गेलो हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं!

"खिशात."

"वजन खिशात ठेवून धंदा होतो होय रे?"

मुलाने चमकून वर पाहिलं. इतकी वर्षं जे नुसतं खेळणं होतं, त्याला मालक आज धंदा म्हणाला होता. मुलाचे डोळे भरून आले. त्याने मला काउंटरवर ठेवलं. मालकाने सवयीने मला विजेच्या काट्यावर ठेवलं, चष्मा वर केला आणि आकडा पाहिला. मी कमी भरलो. इतक्या वर्षांच्या बोटांनी मला झिजवलं होतं. शिक्क्याचा अभिमान बाळगणाऱ्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खिळ्यांना आता हे चालायचं नाही," मालक म्हणाला. त्याने मला फडक्याने पुसलं, अगदी पूर्वीसारखं, आणि मुलाच्या हातात दिलं. "पत्त्यांवर चालेल. पण ठेवत जा."

आता मी पत्त्यांवर असतो. त्याची बोटं अजून शिवशिवतात, माझ्याकडे येतात, अर्ध्या वाटेत थबकतात. मीही जीव मुठीत धरून बसतो. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू तुम्ही उगाच हातात घोळवत असाल. तिचं काम काय आहे ते एकदा घरातल्या मोठ्यांना विचारा आणि तिला ते करू द्या. मला विचाराल तर मला फक्त एका जागी बसायचं आहे. बघा, परत आलीच बोटं.