कुऱ्हाडीला नवा दांडा

आमच्या घराच्या मागच्या खोलीत भिंतभर कुऱ्हाडी टांगलेल्या आहेत. जुन्या, मोडक्या, भंगारातून उचललेल्या, मी घासूनपुसून उभ्या केलेल्या. बायको त्या खोलीला पांजरपोळ म्हणते. "आणखी एक म्हातारी कुऱ्हाड घरात आली तर ती तरी राहील नाहीतर मी," असं ती दर महिन्याला बजावते आणि मग चहा टाकते. तिचंही चूक नाही. छंद म्हणून सुरू केलं, मग लोक आपापल्या कुऱ्हाडी दुरुस्तीला आणायला लागले, आणि आता खांदे असे धरतात की कानस उचलणंसुद्धा जिवावर येतं.

अशात ती बाई आली. पन्नाशीची, डोळ्यांखाली काळं, पिशवीत कुऱ्हाड. वडिलांची. त्यांनी जन्मभर वखारीत लाकडं फोडली होती आणि आता त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"मलासुद्धा ओळखत नाहीत," ती म्हणाली. "सिस्टर म्हणतात. दवाखान्यातली नर्स समजतात मला. निदान ही तरी ओळखतील. अगदी नवी कोरी करून द्या, पहिल्या दिवशी होती तशी."

एरवी मी वाद घातला असता. जुन्या वस्तूचा गंज काढावा, वय काढू नये, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असतो. दांडा तर शक्यतो बदलूच नये. पण त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, गिऱ्हाईक सांगतंय तसं करा आणि मोकळे व्हा. पातं रॉकेलमध्ये बुडवलं, तारेच्या ब्रशनं घासलं, धार लावली. जुना दांडा मधे झिजून काळा पडला होता, तो कापून शेगडीत घातला. नवा ठोकला, पाचर मारली, तेल पाजलं. कुऱ्हाड नवरीसारखी दिसायला लागली.

न्यायला आली ती वडिलांना घेऊनच. बाबा उंच, पाठीत वाकलेले, हात मात्र अजून फळीसारखे. मी कुऱ्हाड त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठ वळली, सोडली, पुन्हा वळली. मग माझ्याकडे परत केली.

"ही माझी नाही."

"बाबा, तुमचीच आहे. नीट बघा ना."

"सिस्टर, कुणाची तरी चुकून आलीय. देऊन टाका ज्याची त्याला."

ती मटकन स्टुलावर बसली. "मी दमले हो," म्हणाली, कुणाकडेच न बघता. "रात्री उठतात, कडी काढून बाहेर निघतात. मी आपली मागे मागे. खरंच दमले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या मुठीनं झिजवलेला दांडा मी माझ्या हातानं जाळला होता, आणि तोही वाद घालायचा कंटाळा आला म्हणून.

काहीतरी करायचं म्हणून मी काचेचा तुकडा घेतला आणि नवा दांडा तासायला बसलो. "बाबा, कुठे जाड लागतोय?"

त्यांनी क्षणभर माझे हात बघितले आणि वैतागले. "अहो, हे काय चाललंय? लाकडाच्या उलटं जाताय. आणा इकडे."

"काच? नको हो त्यांच्या हातात!" ती अर्धवट उठली.

"बसा तुम्ही. मी आहे ना जवळ."

म्हातारा असा काही तासायला लागला की मी बघतच राहिलो. थोडं तासायचं, मूठ वळून बघायची, पुन्हा तासायचं. पातळ पातळ साली पायाशी पडत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. सहज मागे वळून बघतो तर ती भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेली, तोंड उघडं, एका पायातली चप्पल निसटलेली.

तेवढ्यात बायको दारातून ओरडली, "चहा टाकू का?"

बाबांनी मान वर केली. "हळू बोला. माझी पोरगी झोपलीय. रात्रभर जागी असते बिचारी."

आणि पुन्हा तासायला लागले.

बायको माझ्याकडे बघते, मी बायकोकडे. "उठवा तिला," ती कुजबुजली. "अहो, उठवा ना!" बाप झोपू दे म्हणतोय, मी कोण उठवणार? आणि तिला जाग येईपर्यंत त्यांची ही ओळख टिकेल याचा काय नेम?

ती आपणहून उठली तेव्हा बाबा म्हणाले, "सिस्टर, निघायचं का?"

निघताना दारात मी तिला सगळं सांगितलं. ती आधी भडकलीच. "मग उठवायचं नाही का मला? कमाल करता हो तुम्ही!" मग ओढणी डोळ्यांना लावली. "पोरगी म्हणाले? परत सांगा. कसं म्हणाले?" मी परत सांगितलं. बाबा कुऱ्हाड खांद्यावर टाकून केव्हाच पायऱ्या उतरले होते.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा हजर. "दांडा अजून जाड लागतोय म्हणतात," ती म्हणाली. दांडा इतका तासून झाला होता की आणखी तासला असता तर हातात मोडला असता. भिंतीवरची माझी एक कुऱ्हाड उतरवली, तिचा दांडा अजून ओबडधोबडच होता, ती बाबांच्या मांडीवर ठेवली आणि काच दिली. ते कामाला लागले. ती स्टुलावर बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

झोपली नव्हती. पापण्या हलत होत्या.

बायकोला माझ्याआधी कळलं असावं. ती दारात आली आणि पार गल्लीत ऐकू जाईल अशी ओरडली, "चहा टाकू का?"

काच थांबली.

"हळू," बाबा म्हणाले.

पुढचं काही आलं नाही. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तासायला लागले. तिनं डोळे उघडले नाहीत. गालावरून पाणी ओघळलं, आणि ते पुसायलासुद्धा तिनं हात वर केला नाही.