लाल दोऱ्याचा कप

मी एक जुना चिनी मातीचा कप आहे. अंगावर निळी वेल आहे आणि कडेचा एक टवका उडालेला आहे. मित्रांनो, टवक्याचे काय, तो कोणाचाही उडतो. माझे दुःख वेगळे आहे, आणि ते आज मी सांगूनच टाकतो.

भट्टीतून निघालेले आम्ही सहा भाऊ पेंढ्यात गुंडाळून अकोल्याच्या बाजारात आलो. दहा वर्षांच्या मुलीचा बाप असलेला देवमन तारऑफिसात नुकताच शिपाई म्हणून लागला होता. त्याची आई केशरबाई त्याला घेऊन दुकानात आली. तिने आम्हाला एकेक करून उजेडात फिरवून पाहिले आणि दुकानदाराला बजावले, "साहीच्या साही सारखे पायजेत. कोनता कप कोनाचा, हे वळखूच आलं नाई पायजे."

दुकानदार हसला. त्याला काय ठाऊक! केशरबाईच्या गावच्या हॉटेलाबाहेर तिच्या लोकांसाठी एक वेगळा कप खिळ्याला टांगलेला असे. आपणच तो काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, धुऊन पुन्हा टांगायचा. तिचे तरुणपण त्या खिळ्याखाली गेले. छप्पन साली घराने धम्म स्वीकारला, तेव्हाच तिने ठरवले होते की आपल्या घरात वेगळा कप म्हणून असणार नाही.

पाच वर्षे आम्ही फळीवर ओळीने सुखात राहिलो. ज्याच्या हाती जो येईल तो त्याचा.

एकसष्टच्या दिवाळीनंतर देवमनची मुलगी ललिता आजारी पडली. तिचे मॅट्रिकचे वर्ष होते. घसा सुजला, मानेत सुपारीएवढ्या गाठी आल्या, ताप हटेना. शेजारणीने गालगुंड समजून लेप लावला, पण गाठी ढिम्म हलल्या नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासले, डाव्या बरगडीखाली चाचपले आणि गाठींचा ताप असल्याचे सांगितले. याला आराम हेच औषध. पाणी भरपूर प्यायचे, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या. पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली आहे, म्हणून घागर उचलायची नाही, धावायचे नाही. आणि हा ताप थुंकीतून पसरतो, तेव्हा हिचा कप वेगळा ठेवा.

ललिताच्या आईने, इंदूबाईने, माझ्या कानाला लाल दोरा बांधला. केशरबाई उसळली, "माह्या घरात येगळा कप?"

"माय, हा बिमारीचा येगळा हाये, जातीचा नाई," देवमन म्हणाला.

"त मंग दोरा सोडाचा दिवस आताच सांग."

"ललिता शाळेत गेली का सोडू."

खोटे कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. सहा आठवडे मी त्या पोरीची सेवा केली. पेज, मोसंबीचा रस, उकळून गार केलेले पाणी, सारे माझ्यातूनच. गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी येई आणि ते माझ्यात पडे. ताप गेला तरी थकवा जाईना. शेजारणी म्हणत, "पोट्टी आळशी झाली." ती आळशी नव्हती, मित्रांनो. मला उचलायलाही तिला दोन्ही हात लावावे लागत. एकदा ती मला हळूच म्हणाली, "आपन दोघंच येगळे, नाई का रे?" त्या शब्दांवर मी विसंबलो.

जानेवारीत ती शाळेत गेली. मी आपला दोरा सुटण्याची वाट पाहत बसलो. केशरबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी चांदूर रेल्वेला गेली होती. बाकी कोणाला आठवण राहिली नाही. गरज सरो, वैद्य मरो! मला मागच्या पडवीत टांगले, तेही खिळ्याला. वाऱ्याने भिंतीवर आपटून तिथेच माझा टवका उडाला.

एक दिवस ललिताची मैत्रीण जमुना आली. चहासाठी कप शोधता शोधता तिचा हात माझ्याकडे आला. तेवढ्यात ललिता, माझी ललिता, घाईने म्हणाली, "तो नको वं, तो बिमारीचा हाये."

केसाने गळा कापणे कशाला म्हणतात, ते मला तेव्हा कळले.

पुढच्याच आठवड्यात केशरबाई परतली. पडवीत येताच तिची नजर खिळ्यावर गेली. "दोरा अजून कावून हाये?" तिने मला राखेने घासले, उकळत्या पाण्यात बुडवले, चहा ओतून घेतला आणि थेट बाहेर जाऊन पायरीखाली उकिडवी बसली.

"आजी, अंदर ये ना," ललिता म्हणाली.

"कपाची जागा भायेर, त मी बी भायेरच बसतो. मले सवय हाये."

ललिताला रडू कोसळले. दोऱ्याची गाठ घट्ट बसली होती. तिने ती दातांनी सोडवली, आजीला हाताला धरून आत नेले आणि मला फळीवर ठेवले.

मित्रांनो, आजाऱ्याचा कप जरूर वेगळा ठेवा, त्यात कमीपणा नाही. पण दोरा बांधाल तेव्हा तो सोडण्याचा दिवसही ठरवा, आणि दिलेला शब्द पाळा. माझा दोरा उशिरा सुटला. आता टवक्यामुळे मी दोऱ्यावाचूनही ओळखू येतो, आणि पाहुणे आले की घरातल्यांचा हात त्या पाचांकडेच जातो. केशरबाई तेवढी रोजचा चहा माझ्यातच घेते. कोणता कप कोणाचा हे कळू नये म्हणून जिने आम्हाला पारखून आणले, तिचाच कप आज साऱ्या घराला ओळखू येतो.